वखारीतला उंट

मी उंट बोलतोय. दचकू नका, वाळवंटातला नव्हे. माझ्या पोटात पाणी नाही की पायाखाली वाळू नाही. मी लोखंडाचा आहे. जाड पाइपचा एक खांब, त्याच्या डोक्यावर लांब आडवी मान, मानेच्या टोकाला कप्पी, तिच्यावरून खाली उतरलेली पोलादी तार आणि तारेला लटकणारा चिमटा. हँडल फिरवलं की तार गुंडाळली जाते आणि चिमट्यात धरलेला ओंडका जमिनीवरून अलगद वर येतो. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहिनी तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, हा तर उंटच की!" तेव्हापासून मी उंट.

माझी हकीकत सांगायची तर जन्माआधीपासून सांगावी लागेल. तेव्हा मी अख्खा नव्हतो. माझा खांब तेवढा लाकडाच्या वखारीच्या कोपऱ्यात उभा होता आणि त्याला बांधलेल्या दोरीवर घरचे कपडे वाळत. खांबाला दुसरं काम काय? उभं राहायचं आणि बघायचं. त्यामुळे मी सगळं पाहिलं आहे.

वखार दोन भावांची. थोरला उंच, डावखुरा, आणि आवाज असा की वरचे पत्रे थरथरावेत. धाकटा बुटका, अबोल. खिशात सदा पेन्सिल आणि मापाची टेप. थोरल्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी. धाकट्यानं लग्न केलं नाही. वखारीला लागून एक खोली होती तिथे तो राहायचा आणि जेवायला भावाकडे जायचा. जायचा म्हणजे काय, अंगण ओलांडलं की घर.

वखारीत झाडांचे ओंडके यायचे, ते फोडून सरपण करायचं आणि बेकऱ्यांच्या भट्ट्यांना पोचवायचं, हा धंदा. फोडायला मशीन होतं. कमरेइतक्या उंचीचं लोखंडी टेबल, त्यावर ओंडका आडवा ठेवायचा. इंजिन सुरू केलं की पोलादी पाचर सरकत यायची आणि ओंडका कडाकड दुभंगायचा. मशीनचं काय जातंय हो! खरी कसोटी होती ती ओंडका टेबलावर चढवायची. जाडा ओंडका दोघांनी दोन टोकांना धरून एकाच वेळी उचलावा लागे. एकानं घाई केली तर दुसऱ्याची बोटं गेलीच म्हणून समजा.

म्हणून दोघांचे शब्द ठरलेले होते. थोरला म्हणायचा, "धर." धाकटा म्हणायचा, "धरलं." मग थोरला, "उचल." ओंडका टेबलावर टेकला की धाकटा, "सोड." की पुढचा ओंडका.

आता गंमत ऐका. गंमत कसली, कर्म आमचं! हे चार शब्द सोडले तर दोघा सख्ख्या भावांत अकरा वर्षं अक्षराचं बोलणं नव्हतं.

कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. धाकट्याला लहानपणापासून काहीतरी जोडून, ठोकून बनवायचा नाद. एकदा त्यानं ओंडके वाहायला चार चाकांची गाडी बनवली. पहिल्याच खेपेला तिचं एक चाक निखळलं आणि सगळे ओंडके गडगडत कुंपणाबाहेरच्या गटारात. तीन गिऱ्हाइकं उभी होती. थोरला त्यांच्यादेखत ओरडला, "डोक्यात नुसता भुसा भरलाय याच्या! तू हातांचं काम कर, डोक्याचं माझ्यावर सोड." गिऱ्हाइकं खो खो हसली.

थोरला तसा तोंडाचा फटकळ. बोलला आणि तासाभरात विसरला. धाकटा विसरला नाही. त्यानं तोंडाला कुलूप घातलं. थोरल्याला वाटलं, येईल दोन दिवसांत ताळ्यावर. दोनाचे आठ झाले, मग त्यालाही राग आला, की हा लहान असून माझ्याशी अढी धरतो म्हणजे काय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसे दोघेही. जेवताना समोरासमोर बसायचे आणि निरोप वहिनींच्या मार्फत धाडायचे.

"अगं, त्याला सांग, बेकरीचा माल आज गेला पाहिजे."

"वहिनी, सांगा, दुपारी जाईल म्हणावं."

वहिनी आमटी वाढता वाढता दोघांच्या मध्ये पोस्टमन. पण बाहेर अंगणात दिवसाला तीस-चाळीस ओंडके चढायचे, आणि प्रत्येक ओंडक्याला ते चार शब्द. एकदा माझ्या दोरीवर चादर वाळत घालताना वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "जाडे ओंडके आले ना, की मला बरं वाटतं बाई. तेवढेच बोलतात दोघं."

आणि मग थोरल्याची पाठ गेली. आधी नुसती चमक, मग उठता-बसता कळ, मग डावा पाय बधिर. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, मणका सरकलाय. यापुढे वजन उचललंत तर दोन्ही पाय कायमचे जातील. आठ दिवस दवाखान्यात पडून राहायला सांगितलं. थोरल्यानं वहिनींना बजावलं, "त्याला सांग मी पाहुण्यांकडे गेलोय. पाठीचं कळता कामा नये. माझी शपथ आहे. तो माझी कीव करणार, आणि ते मला सोसायचं नाही." परत आल्यावर काय करणार होता? पुन्हा ओंडके उचलणार होता, दुसरं काय!

वहिनींना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शपथ मोडावी तर नवऱ्याचा विश्वास जातो, पाळावी तर नवऱ्याचे पाय जातात. तीन दिवस त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी दुपारी त्या ओल्या कपड्यांची बादली घेऊन माझ्यापाशी आल्या आणि पिळायचं सोडून त्यांनी धाकट्याला हाक मारली.

"भाऊजी, एक सांगते. पण मी सांगितलं हे त्यांना कधीही कळायचं नाही. तुम्हाला माझी शपथ."

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं मशीनच्या टेबलाकडे पाहिलं.

"दादा कधी येतो?" त्यानं विचारलं.

"रविवारी."

"म्हणजे चार दिवस," तो म्हणाला आणि कानामागे पेन्सिल खोचली. माझ्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढून त्यानं वहिनींच्या हातात दिले आणि कुदळ आणून मला मुळासकट उपटलं.

असा मी जन्माला आलो. माझी मान झाली एका मोडक्या लोखंडी खाटेच्या पट्ट्यांची. कप्पी आली बुजलेल्या विहिरीवरची. तार गुंडाळायचं दातेरी चाक त्यानं भंगारातून शोधून आणलं. ते पूर्वी होड्या काठावर ओढायचं. चिमटा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा. जितकं वजन जास्त तितका घट्ट चावणारा. मशीनच्या चौकटीला त्यानं एक जाडा पाइप वेल्डिंग करून बसवला आणि त्या पाइपात माझा पाय उभा केला, म्हणजे मला गोल फिरता यावं आणि वेळ पडली तर उपसूनही काढता यावं.

पहिल्याच ओंडक्याला माझी मान वाकली. त्यानं खाली तिरका टेकू लावला. दुसऱ्या ओंडक्याला चिमटा सटकला. त्यानं त्याला कानशीनं घासून दात पाडले. तिसरा ओंडका वर आला खरा, पण मी गर्रकन फिरलो आणि तो ओंडका बसला धाकट्याच्या नडगीवर. मला वाटलं, आता घालतो हा मला भंगारात. तो खाली बसला, नडगी चोळली आणि म्हणाला, "बरं झालं मला लागलं." मग त्यानं मला फिरण्यापासून अडवायला एक खुंटी बसवली.

हँडल पक्कं बसवण्यात मात्र त्यानं अख्खा दिवस घालवला. घराच्या दाराच्या चौकटीवर एका जागी रंग उडाला होता. थोरला रोज सकाळी चहा घेताना तिथे कोपर टेकून उभा राहायचा. धाकट्यानं टेप लावून त्या जागेची उंची घेतली आणि बरोबर त्या उंचीवर माझं हँडल बसवलं, तेही डाव्या बाजूला. त्याला स्वतःला ते फिरवायला खोक्यावर उभं राहावं लागायचं. खोक्यावर चढून तो हँडल फिरवायचा आणि पुटपुटायचा, "दादाला वाकावं लागायला नको. जोर लागायला नको." अख्खा झाल्यावर माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द ते.

रविवारी थोरला आला. पाठीचा पट्टा शर्टाच्या आत बांधलेला, चाल ताठ. मला बघून तो जागीच थांबला. धाकटा माझ्यामागे उभा होता, हाताला ग्रीस लागलेलं. मी म्हटलं, आता बोलतील. आता नाही बोलले तर कधी बोलणार?

"हे काय आहे?" थोरल्यानं वहिनींना विचारलं.

"ओंडके उचलायला आहे. भाऊजींनी बनवलंय."

"का? आम्ही दोघं मेलो होतो?"

धाकट्याच्या तोंडावर वहिनींच्या शपथेचं कुलूप. पाठीसाठी, हे त्याला सांगता येईना. त्यानं ग्रीसचे हात पुसले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, सांगा त्याला, एका माणसात काम होतं आता. दुसरा लागत नाही."

थोरल्याचा चेहरा मी पाहिला. काय सांगू तुम्हाला! अकरा वर्षांपूर्वीची ती गाडी, ते भुशाचं बोलणं, ती हसणारी गिऱ्हाइकं, सगळं त्याला एका क्षणात आठवलं असणार. त्याला वाटलं, यानं सूड उगवला. याला आता माझ्यासोबत ओंडका धरणंसुद्धा नकोय.

"बरं झालं," तो म्हणाला. "एका माणसातच करू."

धाकट्यानं मान हलवली आणि वखारीच्या दुसऱ्या टोकाला ओंडके कापायच्या करवतीची शेड होती, तिकडे तो निघून गेला. त्या दिवसापासून थोरला मशीनवर एकटा, सोबतीला मी; धाकटा शेडमध्ये एकटा, सोबतीला करवत. थोरल्याचे पाय वाचले. पण ते चार शब्द संपले. अकरा वर्षं दोघांत जो एक धागा उरला होता तो मी कापला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, आणि मी करायला तरी काय गेलो? मला कुणी विचारलं होतं?

वहिनी आता माझ्याकडे बघायच्या नाहीत. कपड्यांची दोरी त्यांनी दुसरीकडे बांधली.

दोन वर्षं अशी गेली. तुम्ही म्हणाल, दोघं बोलत नव्हते. तर तसं नाही. दोघंही बोलत होते, माझ्याशी! थोरला हँडल फिरवता फिरवता मला शिव्या घालायचा. "मोठा कारागीर लागून गेला! भावाला बाजूला सारायला सापळा बनवला!" तोच थोरला, एकदा बेकरीवाला आला आणि कौतुकानं माझ्या मानेवर थाप मारून विचारू लागला की हे यंत्र कुठून आणलंत, तर छाती काढून म्हणाला, "आणतो कुठून? माझ्या भावानं बनवलंय. डोकं आहे त्याला." धाकटा तेव्हा आत करवत चालवत होता. त्याला कसं ऐकू जाणार?

आणि धाकटा! सुटीच्या दिवशी थोरला बाजारात गेला की हा तेलाची बुधली घेऊन हजर. माझ्या चाकात तेल, कप्पीत तेल, तारेवरून बोट फिरवून बघायचा. "दादाला जड जातंय का रे हँडल? परवा दोनदा थांबला तो मध्येच." मी कुणाला सांगू? थोरल्याला सांगावंसं वाटायचं, अरे शहाण्या, हे हँडल कुठल्या हाताला आलंय ते बघ! कुठल्या उंचीला आलंय ते बघ! तो बुटका खोक्यावर चढल्याशिवाय हे फिरवू शकत नाही. मग हे कुणासाठी बनवलं असेल? दोन वर्षं तो रोज ते हँडल हातात धरत होता आणि त्याच्या ध्यानात येत नव्हतं. हाताला बरोबर बसलेली वस्तू माणसाला दिसतच नाही.

मग ती सकाळ आली. माझी तार एका जागी उसवली होती. धाकट्यानं आदल्या सुटीला ते पाहिलं होतं आणि नवी तार आणून ठेवली होती. थोरला मशीनच्या पलीकडे वाकून इंजिनात तेल घालत होता. इंजिन धडधडत होतं. धाकटा शेडमधून आला, खोक्यावर चढला, जुनी तार सोडवू लागला आणि सोडवता सोडवता त्याचा उजवा हात लुळा होऊन खाली पडला. पान्हा निसटला. त्यानं डाव्या हातानं माझा खांब धरला, तोंड उघडलं, "दा..." एवढंच ऐकू आलं, आणि तो घसरत खाली भुशात बसला.

इंजिनाच्या आवाजात थोरल्याला काही कळलं नाही. मी तिथेच उभा होतो. ओरडावंसं वाटलं. लोखंडाचा घसा, ओरडणार कसा?

इंजिन बंद करून थोरला वळला तेव्हा त्याला दिसलं. तो पट्टा, ती पाठ, सगळं विसरून धावला. त्यानं भावाच्या काखेत हात घातले आणि उचलू लागला. पाठीत कडकन काहीतरी झालं आणि तोही तिथेच आडवा झाला. दोघं भाऊ भुशात शेजारी शेजारी पडलेले. थोरला त्याचा शर्ट मुठीत धरून ओरडत होता, "अरे बोल ना! एकदा बोल रे माझ्याशी!" धाकटा डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडातून नुसती लाळ येत होती.

वहिनी धावत आल्या. लोक जमले. दोघांनाही नेलं.

थोरला चार दिवसांत काठी टेकत परत आला. धाकटा दवाखान्यातच होता. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. थोरला थेट माझ्यापाशी आला. कोपऱ्यातली पहार उचलली आणि माझ्या मानेवर घातली. एकदा, दोनदा. "तुझ्यामुळे! तू नसतास तर तो माझ्यासमोर असता, हाताच्या अंतरावर! मी त्याला पडू दिलं नसतं!" साप म्हणून भुई धोपटतात तसं चाललं होतं. पण मला राग आला नाही. त्याचं म्हणणं तसं खोटं कुठे होतं?

"अहो, थांबा!" वहिनी अंगणातून ओरडल्या. त्यांनी येऊन पहार धरली. "तुमच्या पाठीसाठी बनवलं त्यांनी ते. मीच सांगितलं होतं त्यांना, तुम्ही दवाखान्यात असताना. आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून मीच शपथ घातली. मारायचं तर मला मारा."

थोरल्याच्या हातातून पहार खाली पडली.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "दोन वर्षं तू बघत राहिलीस?"

"तुमचीच शपथ मोडली होती मी. कुठल्या तोंडानं सांगणार?" वहिनी पदराआड रडू लागल्या. "मी रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगेन. हँडल तरी बघा. तुमच्या हाताचं आहे ते."

थोरल्यानं डावा हात पुढे केला आणि माझं हँडल धरलं. कोपर जिथे असायला हवं तिथेच होतं. मग त्याची नजर खाली त्या खोक्यावर गेली. तो त्या खोक्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण रडताना त्याचा आवाजच निघेना.

महिन्यानं धाकट्याला घरी आणलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, बोलणं परत येईल न येईल, तूर्त एकच शब्द शिल्लक आहे, "नाही." काहीही विचारा, तो तेच म्हणणार. पाणी हवंय? "नाही." आणि आ करायचा. ऊन लागतंय का? "नाही." आणि डोळे मिटायचा.

त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, दिवसातून चारदा हलवायचं होतं. थोरल्याची पाठ ही अशी, वहिनींच्यात तेवढा जोर नाही. दुसऱ्याच दिवशी तो दोघांच्या हातांतून जवळजवळ निसटला. थोरल्यानं बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. मशीन विकून टाकलं त्यानं, वखारही बंद केली, पण माणसं लावून मला पाइपातून उपसून घरात आणलं. खोलीची फरशी फोडून पलंगाशेजारी जाडा पाइप पुरला आणि त्यात माझा पाय उभा केला. चिमटा काढला आणि त्या जागी जाड्या कापडाची झोळी आणि चार पट्टे लावले.

हे सोपं झालं नाही. थोरल्यानं जन्मात कधी असलं काम केलं नव्हतं. पट्टे बांधले ते उलटे. आधी झोळीत भाताचं पोतं टांगून पाहिलं, तर ते उलटं होऊन खाली आपटलं. तेव्हा पलंगावरून डावा हात वर झाला. धाकटा बोटानं दाखवत होता, इथे नाही, तिथे. "नाही, नाही," म्हणत होता आणि दाखवत होता. थोरल्यानं पेन्सिल त्याच्या डाव्या हातात दिली. वेड्यावाकड्या रेघा ओढून त्यानं झोळी काढून दाखवली. पूर्ण दोन दिवस दोघं माझ्यावर खपले. थोरला विचारायचा, "हा पट्टा काखेतून घेऊ?" "नाही." "मग मांडीखालून?" "नाही," आणि बोट बरोबर जागेवर. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तर बऱ्याच दिवसांनी त्याही माझ्याकडे बघत होत्या.

आता मी इथेच असतो. लाकडाचा वास गेला, औषधांचा आला. ओंडका उचलताना घाबरायचं नसतं, माणूस उचलताना घाबरायचं असतं, म्हणून माझं चाक आता एकेक दात मोजत फिरतं. ज्यानं मला घडवलं त्याला मी दिवसातून चारदा उचलतो. फार हलका झालाय तो.

आणि तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मी लोखंड. दोघांचं मन मला ठाऊक होतं आणि मला जीभ नव्हती, म्हणून मी गप्प बसलो. तुम्हाला काय झालंय? घरात कुणाशी अबोला धरून बसला असाल तर उठा, आत्ता जा. काय बोलू, असा विचारही करू नका. "जेवलास का" म्हणा. तेवढंही पुरतं.

थोरल्यानं पहिल्याच आठवड्यात सगळं बोलून टाकलं होतं. भुशाचं, पाठीचं, दोन वर्षांचं, काही मागे ठेवलं नाही. आणि शेवटी विचारलं, "मला माफ केलंस का रे?"

"नाही," धाकटा म्हणाला.

सगळ्यांना ठाऊक होतं की त्याच्याकडे दुसरा शब्दच नाही. तरी थोरला उठून बाहेर गेला आणि रिकाम्या वखारीत बसून राहिला. त्यानंतर त्यानं तो प्रश्न काढला नाही.

परवा वहिनी त्याला म्हणाल्या, "अहो, उलटं विचारा ना. राग आहे का माझ्यावर, असं विचारा."

"काय उपयोग? तो नाहीच म्हणणार. उत्तर ठाऊक असताना विचारायचं कशाला?"

"इतकी वर्षं तेच केलंत ना दोघांनी?" वहिनी म्हणाल्या. "उत्तर ठाऊक आहे म्हणून विचारलंच नाही."

काल सकाळी थोरल्यानं पट्टे लावले, दोनदा तपासले आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. धाकटा पलंगावरून वर आला. अर्ध्या वाटेवर, खुर्चीच्या वर, थोरला थांबला. दोघांचे चेहरे एका उंचीवर आले होते. खोक्याशिवाय धाकटा त्याच्याएवढा उंच पहिल्यांदाच झाला असेल.

"माझ्यावर राग आहे का रे तुझा?" थोरल्यानं विचारलं.

एरवी तो शब्द प्रश्न संपायच्या आत बाहेर पडतो. काल पडला नाही. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. माझ्या तारेला त्याचं सगळं वजन टांगलेलं, त्याचा श्वाससुद्धा मला कळत होता. त्यानं डावा हात उचलला, थोरल्याच्या हँडलवरच्या मुठीवर ठेवला, आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "ना... ही."

"बरं," थोरला म्हणाला. हँडलवर आता दोघांचे हात होते, आणि मी धाकट्याला खुर्चीत उतरवलं.